दह्याची एक वाटी पुरेशी नाही
पोट बिघडले की आपण दह्याची वाटी पुढे ओढतो. पण दह्यातले जिवाणू बहुधा पाहुणे ठरतात, आतड्यातल्या घरच्यांना रोजचा शिधा लागतो. तो शिधा म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा: ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, शेवग्याच्या शेंगा. मोठ्या आतड्यात जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात. तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आफ्रिकी-अमेरिकी आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांनी दोन आठवडे आहाराची अदलाबदल केली. चोथायुक्त जेवणाकडे वळलेल्यांत ब्युटिरेट वाढले, दुसऱ्या गटात घटले. कडधान्यांनी गॅस होतो, हा आक्षेप खराच. पण गॅस त्याच आंबण्यातून येतो. म्हणून निरोगी माणसाने उसळ सोडू नये, चमच्याचमच्याने वाढवावी.