चाकांवरचा खेळ, भाग 7 : ‘नॅशनल’ खरे, पण कुठले?

अलिबागच्या एसटी स्टँडपासून पेणच्या नाक्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतोच. ‘स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड’, खाली हेल्मेट घातलेले पोर आणि त्याच्याभोवती त्याच्याहून मोठे फोटो असलेले नेते. कौतुक व्हायलाच हवे. पण स्पर्धा नेमकी कुणाची, हे त्यावर क्वचितच लिहिलेले असते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मागच्या भागात स्पीड स्केटिंग पाहिले. 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 3000 मीटर रिलेचे कांस्य आणणाऱ्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे महाराष्ट्राचे होते. आज आर्टिस्टिक, म्हणजे चाकांवरचे फिगर स्केटिंग. आपल्या किनारपट्टीवर बर्फ फक्त मासळीच्या पेटीत, तेव्हा इथल्या मुलांना हा खेळ चाकांवरच भेटतो. ॲक्सेल, लुट्झ, सालकॉव्ह या उड्यांची नावे तीच, गिरक्या तशाच, संगीतावर बसवलेला कार्यक्रमही तसाच. उलट एक जुनी गोष्ट चाकवाल्यांनी जपली आहे. जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांच्या रेषेवरून तोल न ढळू देता फिरण्याची ‘फिगर्स’ ही स्पर्धा त्यांच्याकडे अजून होते. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ती 1990 नंतर काढून टाकली. मला विचाराल तर चूकच केली. पाय कितपत तयार आहेत ते तिथे लपत नाही.

आता निवडीकडे. आपल्याकडे दोन शिड्या समांतर उभ्या आहेत. पहिली संघटनेची : क्लब, जिल्हा, राज्य आणि मग रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा. वयोगट, प्रकार आणि चाकांची जात यांनुसार प्रत्येक ठिकाणी वेगळी चुरस. ‘वर्ल्ड स्केट’ या जागतिक संघटनेशी जोडलेली शिडी हीच, म्हणून भारताचा संघ इथूनच निघतो. दुसरी शिडी शाळेची : जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून सुरू होऊन विभाग, राज्य आणि शालेय राष्ट्रीय स्पर्धा. रायगड मुंबई विभागात येतो. दहावीला क्रीडागुण हवे असतील तर या शिडीचे मोल मोठे, पण आशियाई स्पर्धेच्या संघाकडे ती जात नाही. या दोन्हींखेरीज तिसराच एक बाजार आहे. कुणीही ‘नॅशनल’ नाव लावून स्पर्धा भरवतो, शुल्क घेतो, पदके वाटतो. तिथले प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, निवड समितीपुढे त्याला किंमत नसते. पैसे भरण्याआधी आयोजकांना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का, एवढे पालकांनी विचारले तरी पुष्कळ झाले.

बरे, खऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत सोने मिळाले, म्हणजे भारताच्या संघात जागा पक्की? तसे गृहीत धरता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड चाचणी आणि शिबिर वेगळे असू शकते. ही वाट चालून गेलेला माणूस म्हणजे हैदराबादचा अनुपकुमार यामा. 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीत कांस्य मिळवले आणि अवनी पांचाळच्या साथीने जोडीतही. पुढच्याच, 2014च्या इंचिऑन स्पर्धेतून रोलर स्केटिंग गायब झाले. शिडीचे वरचे टोकच यजमानांनी काढून घ्यावे, हे या खेळाचे कायमचे दुखणे.

बर्फावरचा हिशेब आणखी कडक. तिथे जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाला एका प्रकारात एक जागा धरलेली असते; दुसरी-तिसरी मागच्या वर्षीच्या खेळाडूंनी कमवायची. एकच खेळाडू गेला असेल आणि तो पहिल्या दहांत आला तर पुढच्या वर्षी दोन जागा, पहिल्या दोघांत आला तर तीन. दोघे गेले असतील तर त्यांच्या क्रमांकांची बेरीज : 13पर्यंत असेल तर तीन जागा, 28पर्यंत असेल तर दोन. म्हणजे पाचवा आणि आठवा आले की तीन जागा. जागा देशाची, ती कमावणाराच पुढच्या वर्षी तिथे खेळेल असे नाही.

शिवाय जागा असूनही अडू शकते. चालू किंवा मागच्या हंगामात मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान तांत्रिक गुण मिळवलेले असावे लागतात. घरच्या राष्ट्रीय स्पर्धेतले गुण धरत नाहीत. त्यामुळे भारताची विजेती असून जागतिक स्पर्धेचे दार बंद, असे सहज घडू शकते. अमेरिकेत वाढलेली आणि पुढे भारताकडून खेळू लागलेली तारा प्रसाद एकाहून अधिक वेळा राष्ट्रीय विजेती झाली, तरी तिला परदेशी स्पर्धांतून गुण गोळा करत फिरावे लागलेच.

आणि गुणवत्ता यादी म्हणजे संघ, असे खुद्द अमेरिकेतही नाही. 2014च्या सोची ऑलिंपिकआधी बोस्टनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आणि ॲशली वॅगनर चौथी आली. जागा तीन होत्या. समितीने आधीच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीचे वजन पाहून वॅगनरला पाठवले. ओरड झाली, पण निर्णय नियमात बसणारा होता. एका वाईट दिवसाने चांगला खेळाडू घरी बसू नये, ही भूमिका मला पटते. पण निकष आधीच कागदावर असतील तरच. आपल्याकडे भांडणे होतात ती बहुतेक याच कागदावरून.

आपल्या जिल्ह्यापुरता एक गुंता सांगायला हवा. खारघर-कामोठ्याची पुष्कळ मुले सरावाला वाशी-नेरूळकडे जातात. पनवेल तालुका रायगडात, वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात. शालेय स्पर्धेत प्रश्न नाही, शाळा जिथली तिथून खेळायचे. संघटनेच्या शिडीवर मात्र नोंदणी कुठल्या जिल्ह्याकडून झाली हे पाहिले जाते, आणि मोसमाच्या मध्यावर ‘आम्ही तर रायगडचे’ म्हणून बदलू पाहणाऱ्या पालकाला ना हरकत दाखल्यासाठी दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. आर्टिस्टिकमध्ये स्पीडइतकी गर्दी नसते. त्यामुळे कुठला जिल्हा निवडला तर राज्यापर्यंत जाणे सोपे, याची गणिते काही घरांत चालतात. चालू द्या, पण नोंदणी अर्जावर सही करण्यापूर्वी.

(पुढील आठवड्यात : बूट, चाके आणि खाऱ्या हवेत गंजणारी बेअरिंग)