रात्रपाळी आणि स्तनांचा कर्करोग

कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या कर्करोगाचे संशोधन दीर्घकाळ खाणी, गोदी आणि कारखान्यांतील पुरुषांभोवतीच फिरत राहिले. ॲस्बेस्टॉसची धूळ मोजता येते. रुग्णालयात रात्र जागवणाऱ्या परिचारिकेला कशाचा धोका आहे, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. रात्रीच्या कृत्रिम प्रकाशाने मेलाटोनिन हे संप्रेरक घटते आणि त्यातून स्तनांच्या कर्करोगाला वाव मिळत असावा, असा तर्क अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ मध्ये मांडला.

पडताळणीसाठी १९७६ पासून सुरू असलेला अमेरिकी परिचारिकांचा प्रदीर्घ आरोग्य-अभ्यास उपयोगी पडला. महिन्यातून किमान तीन रात्री, अशी फिरती पाळी ३० वा अधिक वर्षे केलेल्या परिचारिकांत या रोगाचे प्रमाण ३६ टक्क्यांनी अधिक असल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ शंभरातील ३६ जणींना कर्करोग होतो, असा नव्हे. एरवीच्या प्रमाणात पडलेली ती भर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा पाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. त्यानंतर डेन्मार्कने अनेक वर्षे रात्रपाळी केलेल्या सुमारे ४० रुग्ण स्त्रियांना नुकसानभरपाई दिली. निर्विवाद पुराव्याची वाट न पाहता घेतलेला हा निर्णय धाडसी होता, आणि न्याय्यही.

वाद मात्र मिटला नाही. सुमारे १४ लाख स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१६ मधील विश्लेषणात धोका वाढल्याचे दिसले नाही. त्यातील ब्रिटिश पाहणीत पुष्कळ स्त्रिया उतारवयातील असल्याने जुना परिणाम नजरेतून निसटला, असा आक्षेप घेतला गेला. शिवाय ज्यांना जागरण सोसत नाही, त्या ते काम आधीच सोडतात. मागे उरतात त्या तुलनेने सुदृढ. उशिरा झालेले मातृत्व, वजन, मद्यपान यांचा परिणाम वेगळा काढणेही सोपे नसते. २०१९ मध्ये संस्थेने पुराव्यांचा फेरआढावा घेतला आणि वर्गवारी तीच ठेवली.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंधने घातली होती. परिचारिकांना ती कधीच लागू नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितेनुसार, संमती आणि सुरक्षेच्या अटींवर, स्त्रियांना रात्री काम करता येते. तेथील चर्चा बहुतांशी प्रवास आणि छेडछाडीपुरतीच राहते. एखादीने किती वर्षे, महिन्याला किती रात्री काम केले, ही नोंद आजच ठेवली नाही, तर वीस वर्षांनी अभ्यासकांच्या हाती केवळ आठवणी राहतील.