‘आई’ म्हणजे कोणाची आई?

जावास्क्रिप्टच्या मुलाखतीत ‘क्लोजर म्हणजे काय?’ हे हमखास विचारतात, तर ते एकदा सांगाच, असं एका वाचकानं कळवलंय. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या आजोळी, म्हणजे लिस्प या भाषेकडे जावं लागेल.

सासरी निघालेल्या मुलीला माहेरून चिठ्ठी मिळाली: ‘अडलं तर आईला विचार.’ ती उघडली सासरी. आता ‘आई’ कोण? चिठ्ठी लिहिली त्या घरातली, की उघडली त्या घरातली? फंक्शन ही अशीच चिठ्ठी, आणि त्यातलं चलाचं नाव म्हणजे ‘आई’. पहिलं उत्तर लेक्सिकल, दुसरं डायनॅमिक. (मराठीनं ‘आईला’ आणि ‘आईंना’ असा तोडगा काढून ठेवलाय. लिस्पकडे तो कुठला!)

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्प रचायला घेतली. तिचा अर्थ लावणारं ‘इव्हॅल’ त्यांनी कागदापुरतंच मांडलं होतं. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला, मी हे यंत्रावर चढवतो. मॅकार्थींना वाटलं, पोरगा सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत करतोय. पोरानं आयबीएम ७०४ वर ते चालवून दाखवलं. पण त्या कागदावरच घोळ होता: चिठ्ठी उघडेल तिथली आई! जेम्स स्लेगल यांचा प्रोग्रॅम भलतंच वागू लागला तेव्हा हा घोळ उघडा पडला. मॅकार्थींच्या लेखी तो साधा बग. रसेल करील दुरुस्त. रसेलनं केलाही. फंक्शन पाठवताना त्याच्या जन्मघरातली नावंही सोबत बांधून द्यायची, ही ‘फनार्ग’ नावाची युक्ती त्याची. आज मात्र त्याचं नाव निघतं ते १९६२ च्या ‘स्पेसवॉर’ या खेळासाठी!

अशा शिदोरीसकट निघालेल्या फंक्शनचं ‘क्लोजर’ असं बारसं १९६४ मध्ये इंग्लंडच्या पीटर लँडिन यांनी केलं. लेक्सिकल नियम लिस्पच्या घराण्यात पक्का रुजवला तो १९७५ च्या ‘स्कीम’नं, कॉमन लिस्पनं १९८४ मध्ये तोच उचलला. इमॅक्स या एडिटरच्या लिस्पला मात्र ही सोय मिळायला २०१२ उजाडलं.

खरी गंमत शिदोरीत आहे. तिच्यात आकडा नसतो, आकडा ठेवलेला डबाच असतो. लिस्पमध्ये ‘लेट’नं एक चल शून्यावर ठेवा आणि त्याच्या पोटात, तो एकेकानं वाढवणारा ‘लॅम्डा’, म्हणजे निनावी फंक्शन, लिहा. लेटचं काम संपलं तरी लॅम्डा हातात आहे तोवर डबा जिवंत राहतो: एक, दोन, तीन. लेट पुन्हा चालवलात, की नवा डबा, नवी मोजणी. एका लेटमध्ये दोन लॅम्डा लिहिलेत, तर दोघांचा डबा सामाईक. एकानं आकडा वाढवला की दुसऱ्याला वाढलेलाच दिसतो.

जावास्क्रिप्टच्या मुलाखतीतला तो छळवादी प्रश्न याच डब्याचा. ‘व्हार’ वापरून शून्य, एक, दोन असा लूप फिरवला, फेरीगणिक एक फंक्शन नंतर चालवायला ठेवलं, आणि तिघांनीही ३ छापलं. का? तिघांचे हात एकाच डब्यात, आणि तो उघडेपर्यंत लूप संपून आकडा तीनवर गेलेला. २०१५ मध्ये भाषेनं दर फेरीला नवा डबा देणारा शब्द आणला. शब्द कोणता? ‘लेट’!