भाजीवाल्याशी मराठीत बोला की!

मंडळी, आपल्या घरातले कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईच्या अंगाला गेलेले असतेच. तुमचा लेक मीरा रोडला राहत असेल, तर स्टेशनाच्या पूर्वेला असलेले नया नगर तुम्ही पाहिलेही असेल. १९८० च्या आसपास ही वस्ती उभी राहू लागली. मुंबईत जागा परवडेना म्हणून बरीच मुसलमान कुटुंबे इथे आली. त्याआधी या भागात मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. आता गल्लीत हिंदी-उर्दूच जास्त कानी पडते.

२०२५ च्या जुलैत मीरा रोडचे नाव गाजले. मराठी बोलण्यावरून एका मिठाईवाल्याला मारहाण झाली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा ठरला. पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड केली, तरी तो निघालाच. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारने २९ जूनला नुकताच मागे घेतला होता, त्यामुळे मने आधीच तापलेली.

जिथे राहायचे तिथली भाषा शिकावी, ही मागणी रास्त आहे. पण हात उचलला की तीच मागणी हलकी होते. मार खाऊन कोणाला भाषा आल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आता आपल्या शिवारात बघा. बागेत, वीटभट्टीवर परप्रांतातली पोरे कामाला येतात. ‘पाणी सोड’, ‘पाटी उचल’, ‘जेवलास का?’ एवढे त्यांना महिन्याभरात कळू लागते. का? घरची बाई त्यांच्याशी मराठीतच बोलते, तिला दुसरे येतच नाही! शहरातला आपला माणूस मात्र तोंड उघडतो ते ‘भैया, टमाटर कैसे दिया?’ असेच. मग समोरच्याने शिकावे कोणाकडून? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्या वस्तीतली पोरेही मराठीचे पुस्तक वाचतात. पण पुस्तकातली भाषा ओठावर यायची, तर कोणीतरी त्यांच्याशी बोलायला हवे ना?

आणखी एक गोष्ट, जरा टोचेल. नंदुरबारकडची मंडळी ऊसतोडीला येतात, आपसात भिली, पावरी बोलतात. आपली पोरे त्यांची नक्कल करून हसतात आणि आपण गप्प बसतो. आपल्या मराठीला शहरात कोणी हसले तर मात्र आपल्याला झोंबते. त्या लेकरांना पाणी देताना ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात रे?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी लेकाकडे चार दिवस गेलात, की नया नगरच्या बाजारात जा. ‘चाचा, मेथीची जुडी कशी दिली?’ असे सरळ विचारा. उत्तर हिंदीत आले तरी रागावू नका, तुम्ही मराठीतच बोला, सावकाश बोला. दोन-चार खेपांत ‘बीस’चे ‘वीस’ होईल. आणि भाव चढा वाटला, तर घासाघीसही मराठीतच करा.