राजवाड्यात आडनाव विचारत नाहीत!

रात्रीचे दीड वाजलेत. उद्या इंटर्नल आहे. आणि 'हा एवढा चॅप्टर संपला की झोपायचं' असं तुम्ही स्वतःला तिसऱ्यांदा सांगताय. कारण नायिकेच्या हातात खंजीर आहे, समोर शत्रूचा सेनापती उभा आहे आणि दोघं एकमेकांकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघतायत. सकाळी कॅन्टीनमध्ये कुणी "काय वाचतेयस?" असं विचारलं की मात्र पुस्तक पटकन उलटं. "काही नाही गं, टाइमपास!"

तर मंडळी, आज त्या उलट्या ठेवलेल्या पुस्तकाची बाजू घ्यायची आहे.

जुना काळ, थोडी जादू, तलवारी, कटकारस्थानं आणि भरपूर प्रेम, असा हा मसाला. रेने अहदिए यांची 'द रॅथ अँड द डॉन' (2015) घ्या. अरेबियन नाइट्सच्या गोष्टीतली शहरजाद इथे स्वतःहून त्या राजाशी लग्न करते, जो रोज एका नव्या नवरीला पहाटे मारून टाकतो. तिला मैत्रिणीचा सूड घ्यायचाय आणि नेमकं त्याच्यावरच प्रेम बसतं. किंवा मुंबईत जन्मलेल्या तनाझ भाथेना यांची 'हंटेड बाय द स्काय' (2020). मध्ययुगीन भारतावरून रचलेलं कल्पित राज्य, सूडाला पेटलेली मुलगी आणि जादू. घरच्यांना हे सगळं 'इंग्लिश फॅड' वाटतं. पण आजोबांच्या आजोबांना विचारता आलं असतं, तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं.

मराठी कादंबरी सुरू झाली तीच मुळी अशा गोष्टींनी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. दोन्ही नावं नायिकांची, दोन्ही गोष्टी अद्भुत आणि प्रेमाने भरलेल्या. कादंबरी हा प्रकार तेव्हा इतका नवा होता की लोक त्याला 'नावल' म्हणायचे. पुढे 1913 मध्ये नाथमाधवांची 'वीरधवल' आली आणि कित्येक पिढ्यांनी ती झपाटल्यासारखी वाचली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. तुम्ही रविवारी पिठलं-भाकरी खायला जाता ना, त्याच सिंहगडावर शिकारीच्या वेळी ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तरण्या वयात चालणं गेलं आणि मग लेखन हेच आयुष्य झालं. ज्याला घराबाहेर पाऊल टाकणं अवघड, त्याने वाचकांना घोड्यावर बसवून दऱ्याखोऱ्यांतून पळवलं!

पण या सगळ्यांना प्रेम दाखवायला राजवाडाच का लागला? सदाशिव पेठेतला वाडा का नाही चालला? कारण साधं आहे. त्या वाड्यात प्रेमाला जागाच नव्हती. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी लागत. 1891 मध्ये सरकारने संमतीवयाचा कायदा करून ते वय दहावरून बारा केलं, तर त्यावरूनही पुण्यात रान पेटलं होतं. दहा नि बारा! अशा गावात 'दोघं भेटली, एकमेकांना आवडली आणि मग लग्न झालं' ही गोष्ट लेखकाने मांडायची कुठे? मग तो तिला घेऊन गेला दूरच्या राज्यात, जुन्या काळात. तिथे मुलगी प्रेमात पडली तरी वाचकाच्या घरात भांडण होत नव्हतं. वाचणारा मात्र मनातल्या मनात विचार करायला लागत असणारच.

स्त्रियांच्या हाती लेखणी आल्यावर हा राजवाडा आणखी मोठा झाला. लग्नानंतर वाचायला शिकलेल्या काशीबाई कानिटकरांनी 'पालखीचा गोंडा' (1928) मध्ये एका संस्थानाचा अख्खा कारभार बायकांच्या हाती देऊन टाकला. प्रत्यक्षात तसं कुठे दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी कागदावर करून दाखवलं.

खरे राजवाडे इतके उदार नव्हते, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष तिथे पुन्हा उभे केलेत. हिंदुस्थानभर मोहिमा मारणाऱ्या पेशव्याला आपल्याच घरात आपल्या माणसासाठी जागा करता आली नाही. 1740 मध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले, त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिथे कुठलीही जादू मदतीला आली नाही.

आता पुन्हा तुमच्या दीड वाजताच्या कादंबरीकडे बघा. त्यातली नायिका मध्यरात्री तटावरून उडी मारून निघते. तुमच्या होस्टेलचं गेट दहाला बंद होतं. त्यातला नायक पहिल्या भेटीत तिचं नाव विचारतो, आडनाव नाही. आपल्याकडे? 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न खरंतर कशासाठी असतो, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न करायचं तर आजही आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. दीडशे वर्षांपूर्वीचा वाचक राजवाड्यात जे शोधत होता, त्यातलं थोडं आपणही अजून तिथेच शोधतोय. मग हा टाइमपास कसा?

म्हणून बिनधास्त वाचा. फक्त डोळे उघडे ठेवून. रोज बायको मारणारा राजा पानावर कितीही हँडसम असला, तरी असा मुलगा वर्गात भेटला तर नंबर ब्लॉकच करायचा. 'प्रेमाने तो बदलेल' ही जादू बहुतेक वेळा पुस्तकातच चालते. आणि कादंबरीतला इतिहास म्हणजे इतिहास नव्हे. एखादा प्रसंग आवडला, तर खरं काय घडलं होतं ते शोधायला 1848 पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर आहेच की.

पुढच्या वेळी अप्पा बळवंत चौकात गाईड घ्यायला गेलात की जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'वीरधवल' मिळते का बघा. पहिली काही पानं भाषा जरा जड जाईल, मग घोडा पळायला लागेल. आणि कॅन्टीनमध्ये वाचताना कव्हर वर ठेवा. शेजारी बसलेल्यालाही कदाचित तेच वाचायचं असेल!