चाकांवरच्या घरातले फडताळ

घर म्हटले की ते जागचे हलत नाही, हे आपण गृहीतच धरलेले असते. अमेरिकेत मात्र स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग असा सारा संसार बरोबर घेऊन हिंडणारी मोटारघरे लाखोंनी आहेत. अशा घरातला विजेचा कारभार आपल्याकडच्या जाणत्या वायरमनलाही प्रथमदर्शनी कोड्यात टाकील असा असतो.

माझी सारी नोकरी विजेच्या तारांच्या सहवासात गेली. मध्यंतरी लेकीकडे अ‍ॅरिझोनात दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तिच्या यजमानांनी २००१ सालच्या बांधणीचे एक जुने मोटारघर नुकतेच घेतलेले होते. त्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक आडवे लांबलचक फडताळ होते. ते करमणुकीचे दालन! आत काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच, कॅसेट लावण्याचे यंत्र, अँटेनाची बटणपेटी, आणि मागे तारांचे असे जंजाळ की सुगरणीच्या घरट्याने लाजावे.

अमेरिकेतील मोठ्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद केले. तेव्हापासून जोडपेटीवाचून हा संच आंधळाच होता. शिवाय त्याचे वजन वीस किलोंच्या वर. धावत्या गाडीत ते डोक्यावर टांगलेले!

जावई म्हणाले, "बाबा, जुने काढायचे, नवे बसवायचे. एका दुपारचे काम."

"जावईबापू, आधी तारा मोजू, मग दुपारी मोजू," मी म्हटले. पुढे त्या कामाला चार दिवस लागले.

मोटारघरात वीज दोन प्रकारची असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तळावर उभे असताना बाहेरून घेतलेली १२० व्होल्टची, आणि बॅटरीतली १२ व्होल्टची. शिवाय इन्व्हर्टर बॅटरीच्या विजेपासून १२० व्होल्ट तयार करतो. म्हणून बाहेरचा प्लग काढला तरी भिंतीतली खोबण जिवंत असू शकते. आम्ही प्लग काढला, जनित्र व इन्व्हर्टर बंद केले, बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मीटर लावून खात्री केली. मगच पक्कड हाती धरली.

दुसरे कोडे रंगांचे. आपल्याकडे काळी तार म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत १२० व्होल्टची काळी तार जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. पुष्कळ मोटारघरांत १२ व्होल्टची धन तारही काळीच! एकाच फडताळात दोन काळ्या तारा, दोघींचे स्वभाव निराळे. रंगावर भरवसा न ठेवता आम्ही प्रत्येक तार मीटरने ओळखली आणि तिला चिठ्ठी बांधली.

असे करता करता एक बारीक तार हाती लागली. कोणा पूर्वीच्या मालकाने गाण्याच्या यंत्रासाठी ती मुख्य तारेला नुसता पीळ देऊन जोडलेली. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याने १५ अँपिअरच्या जागी ३० चा बसवलेला. तारेचे आवरण कडक झालेले, आणि शेजारचे प्लायवूड करपल्या पोळीसारखे तपकिरी. लेकीने ते पाहिले मात्र, आणि ती मुकाट्याने खाली बसली. येत्या सुट्टीत पोरे त्याच घरात निजावयाची होती.

बारा व्होल्टने माणसाला सहसा झटका बसत नाही, म्हणून लोक ती वीज निरुपद्रवी समजतात. पण हिशेब पाहा. १२०० वॅटसाठी १२० व्होल्टवर १० अँपिअर लागतात, तर १२ व्होल्टवर १००. प्रवाह दहापट झाला की त्याच तारेत उष्णता शंभरपट! फ्यूज हा यंत्राचा राखणदार नव्हे, तारेचा आहे. तो उडतो तेव्हा तो आपल्याशी बोलत असतो. त्याचे तोंड बंद करावयाचे नसते.

मग आम्ही नव्याने मांडामांड केली. नव्या तारेला तिच्या जाडीप्रमाणे फ्यूज, जोडण्यांना पीळ न देता दाबून बसवलेल्या टोप्या, भोकांतून तार जाते तेथे रबरी कडी, कारण गाडीच्या हादऱ्यांनी तार घासत राहते. दोन्ही प्रकारच्या तारा वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या. यंत्रांमागे हवेला वाट ठेवली. नवा चपटा संच थेट १२ व्होल्टवर चालणारा, ३० वॅटचा घेतला. म्हणजे अडीच अँपिअर. तीन तास पाहिला तरी साडेसात अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे हिताचे. त्या हिशेबात हा खर्च सहज बसतो.

शेवटी फडताळाच्या दाराच्या आतल्या अंगाला तारांचा नकाशा चिकटवला. उद्या हे घर दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्याला अंधारात चाचपडावे लागू नये.

मोटारघर आपल्यापैकी थोड्यांच्याच नशिबी असेल; परंतु दूरचित्रवाणी संचामागचे जंजाळ घरोघरी आहे. आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा लावताना त्यात आणखी एक तार खुपसण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून एकदा तेथे डोकावा. कोठे आवरण कडक झाले असेल, खोबण काळवंडली असेल, तर माळ बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. दिवाळीचा उजेड पणतीत असावा, भिंतीत नव्हे.