इंग्लंडची पदवी आणि मुंबईची नोंदवही

इंग्लंडातील एखाद्या विद्यापीठात परिचर्येची पदवी घेऊन, तेथील मोठ्या रुग्णालयात काही वर्षे सेवा करून, मातापित्यांच्या वार्धक्यामुळे म्हणा किंवा मुलांनी आपल्या माणसांत वाढावे या ओढीने म्हणा, कोल्हापूरला वा नाशिकला कायमची परतलेली एखादी मराठी नर्स जेव्हा येथे नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा तिला प्रथम विचारले जाते ते तिच्या अनुभवाविषयी नव्हे, तर राज्याच्या नोंदवहीतील तिच्या क्रमांकाविषयी. आणि तो क्रमांक नसेल, तर अतिदक्षता विभागात कमावलेले तिचे सारे कौशल्य कायद्याच्या दृष्टीने जमेस धरले जात नाही. पुष्कळ जणींना हा अन्याय वाटतो. त्यात दप्तरदिरंगाईचा भाग नाही असे कोण म्हणेल? परंतु अडचणीचे खरे मूळ दप्तरात नसून दोन देशांच्या शिक्षणपद्धतींत आहे.

स्वातंत्र्यापूर्वी परिचारिकांची नोंदणी प्रांतोप्रांतीच्या कायद्यांनी होत असे. शिक्षणाचे मान सबंध देशात एकसारखे असावे या हेतूने १९४७च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा अमलात आला. नोंदवही राज्याच्या परिषदेने ठेवावी, आणि कोणती अर्हता ग्राह्य धरावी हे दिल्लीच्या परिषदेने ठरवावे, अशी त्याने कामाची वाटणी केली. परदेशातील परिषदेकडे नोंदणीस पात्र ठरविणारी अर्हता असलेल्या भारतीय नागरिकाचे नाव केंद्रीय परिषदेच्या संमतीने कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत दाखल करता येईल, अशी तजवीज या कायद्याच्या ११व्या कलमात आहे. म्हणून आधी दिल्लीची संमती आणि मग मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा क्रमांक, हा क्रम चुकवून चालत नाही. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व पत्करून ओसीआय कार्ड घेतले आहे, त्यांना हा व्यवसाय करण्याच्या बाबतीत, संबंधित कायद्यांच्या अधीन राहून, अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वागवावे अशी केंद्र सरकारची अधिसूचना आहे. २०२३ साली संसदेने १९४७च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा संमत केला असल्याने, अर्ज करतेवेळी कोणते नियम लागू आहेत याची खातरजमा मात्र जिची तिने करून घ्यावी.

आता मूळ अडचणीकडे वळू. आपल्याकडे जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो की बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा, त्यात वैद्यकीय व शस्त्रक्रिया विभागांबरोबर बालरोग, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य आणि प्रसूती या सर्वांचे शिक्षण येते, आणि बाहेर पडणारीची नोंद परिचारिका म्हणून व प्रसाविका म्हणून अशी दुहेरी होते. प्रसूतिकक्षात स्वतः केलेल्या बाळंतपणांची, प्रत्येक पानावर पर्यवेक्षिकेची सही असलेली वही विद्यार्थिनीला पुरी करावीच लागते. हा आग्रह अनाठायी नाही. कारण ग्रामीण रुग्णालयात मध्यरात्री अडलेली बाई आली, तर डॉक्टर येईपर्यंत, आणि कित्येकदा डॉक्टर आल्यावरही, बाळंतपण करायचे असते ते पाळीवरच्या सिस्टरनेच. इंग्लंडातील रचना निराळी आहे. तेथे प्रौढ, बालके, मानसिक रुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती अशा चार शाखांपैकी एक शाखा विद्यार्थिनी आरंभीच निवडते, आणि प्रसाविकेचा व्यवसाय तर सर्वस्वी स्वतंत्र, त्याची पदवीही स्वतंत्र. सबब प्रौढांच्या शाखेतील पदवीधर कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाची शुश्रूषा अत्यंत निष्णातपणे करील, पण तिने आपल्या हाताने एकही बाळंतपण केलेले नसेल.

त्यामुळे समकक्षता ठरविताना पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा ट्रान्स्क्रिप्टला अधिक महत्त्व येते. कोणता विषय किती तास शिकविला, कोणत्या विभागात किती तास प्रत्यक्ष काम केले, याचा विषयवार तपशील त्यात असावा लागतो. नुसत्या गुणांच्या कागदावर भागत नाही. तेथील परिषदेने नोंदणी चालू व निष्कलंक असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि असा दाखला उमेदवाराच्या हाती न देता एका परिषदेने दुसरीकडे परस्पर धाडावा, असा या व्यवसायातला सर्वसाधारण शिरस्ता आहे. कागद अस्सल असल्याची साक्ष म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील दस्तऐवजांवर अपॉस्टिल चालते, कारण अपॉस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार भारतात २००५पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिराती मात्र त्या करारात नसल्याने तेथील कागदांवर वकिलातीचे शिक्के घ्यावे लागतात.

महाराष्ट्रातील स्त्रियांना नावाची तसदी विशेष होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव व सासरचे आडनाव, आणि इंग्लंडच्या पदवीवर मधले नाव मुळीच नाही, अशी तीन कागदांवर तीन नावे दिसली की ही एकच व्यक्ती असल्याचे सिद्ध करण्यातच महिने जातात. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी यांच्या नकला अर्जासोबत प्रथमपासून ठेवलेल्या बऱ्या.

येथेच शिकून पुढे परदेशी गेलेल्या परिचारिकांना समकक्षतेचा प्रश्न नसतो. त्यांना येथील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि मुदत टळली असल्यास ती भरून घ्यावी लागते, एवढेच.

या सर्व व्यवस्थेत मला खरोखर वाटते ते असे की, परत येणारीला तिच्यात काय उणे आहे हे सांगण्याबरोबरच ते उणे भरून काढण्याचा सरळ मार्गही दाखविला पाहिजे. २०१८मध्ये केंद्र सरकारनेच प्रसूतिसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून परिचारिकांना प्रसाविका म्हणून अठरा महिन्यांचे खास शिक्षण देण्याची योजना आखली. तेव्हा प्रसूतिसेवा हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही गोष्ट शासनाला मान्य आहे. मग परदेशी पदवीधरांसाठी जिल्हा स्त्री रुग्णालयांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम ठेवून, बाळंतपणांची ती वही आणि सामुदायिक आरोग्याचे काम पुरे करवून, शेवटी परीक्षा घेऊन त्यांना नोंदवहीत घ्यायला काय हरकत असावी? तसे होईपर्यंत, परतण्याचा विचार मनात असलेल्या प्रत्येकीने तासांच्या तपशिलासह ट्रान्स्क्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रमाणित केलेली प्रत तेथून निघण्यापूर्वीच मागून घ्यावी; कारण विभाग बंद झाला, शिक्षक पांगले, की हजारो मैलांवरून तोच कागद मिळवणे फार कठीण जाते.